उजवी मार्गिका कोणाची?

द्रुतगती महामार्गावरील मार्गिकेची शिस्त आणि ती मोडणाऱ्यांविरुद्ध पोलिसांनी हाती घेतलेली कारवाई या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर मला ‘लेन कटिंग’चे ई-चलान आले. माझा वेग मर्यादेत होता. उजव्या मार्गिकेत एक ट्रक कित्येक किलोमीटर ठाण मांडून चालला होता आणि हॉर्न, डिपर देऊनही हलत नव्हता. म्हणून मी मधल्या मार्गिकेतून पुढे गेलो आणि पुन्हा उजवीकडे आलो. चूक ट्रकवाल्याची आणि दंड मला, हा कोणता न्याय? — एक वाचक, पुणे

उत्तर : ट्रक उजव्या मार्गिकेत होता ही त्याची चूकच आहे आणि आपला राग मला समजतो. परंतु आपल्याच पत्रातील तीन शब्दांकडे लक्ष वेधतो : ‘पुन्हा उजवीकडे आलो’. कशासाठी आलात? या रस्त्यावर प्रत्येक दिशेला तीन मार्गिका आहेत. डावी जड वाहनांसाठी, मधली मोटारींसारख्या हलक्या वाहनांसाठी आणि उजवी केवळ पुढच्या वाहनाला ओलांडण्यापुरती. उजवी मार्गिका म्हणजे ‘फास्ट लेन’, वेगाने जाणाऱ्याने तेथेच राहावे, हा आपल्याकडे खोलवर रुजलेला गैरसमज आहे. ट्रकला मागे टाकल्यावर आपली हक्काची जागा मधलीच होती. ती सोडून पुन्हा उजवीकडे जाताना आपणही, मोटारीतून का होईना, त्या ट्रकचालकाचेच अनुकरण केले.

डावीकडून पुढे जाण्यास मनाई का आहे, हे ट्रकच्या केबिनमध्ये बसल्यावर लगेच कळते. चालक उजव्या बाजूला आणि उंचावर बसलेला असतो. त्याच्या डाव्या दाराला लागून चालणारी मोटार त्याला आरशातही धड दिसत नाही. आपण पाच मिनिटे डिपर देत राहता, शेवटी तो कंटाळून बाजू देण्यासाठी डावीकडे वळतो आणि नेमक्या त्याच क्षणी आपलाही धीर सुटून आपण डावीकडून घुसलेले असता. असे अपघात बेफाम वेगामुळे होत नाहीत. दोघांचाही धीर एकाच वेळी सुटल्याने होतात, असे म्हटले तरी चालेल.

आता कायद्याविषयी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने धोकादायक वाहन चालविण्याची उदाहरणे नेमकेपणाने दिली. कायद्याला सोडून ओव्हरटेक करणे, वाहतुकीच्या उलट दिशेने जाणे आणि हातात मोबाईल धरून वाहन चालविणे ही त्यांपैकी काही. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वाहन चालविण्याविषयीच्या विनियमांचा साधा भंग असेल, तर कलम 177-अ खाली 500 ते 1000 रुपये दंड होतो. आपले चलान यांपैकी कोणत्या कलमाखाली आहे ते प्रथम पाहा, कारण दोन्हींचे वजन सारखे नाही.

या महामार्गावर 2024 पासून कॅमेऱ्यांची एकात्मिक यंत्रणा काम करते. अशा यंत्रणांसाठी 2021 मध्ये केंद्रीय नियमांत 167-अ हा नियम आला. त्यानुसार वाहनाचा क्रमांक स्पष्ट दिसणारे छायाचित्र, ठिकाण, तारीख, वेळ आणि भंग झालेली तरतूद हे सारे नोटिशीत असावे लागते. यांपैकी काही नसेल किंवा छायाचित्रातील वाहन आपले नसेल, तर राज्याच्या वाहतूक ॲपवरून जरूर तक्रार नोंदवा. मात्र ‘पुढे ट्रक होता’ हे कारण टिकेल असे मला वाटत नाही.

आपल्या तक्रारीतील एक भाग मात्र मला पटतो. मार्गिका बदलणे ही क्षणाची कृती असल्याने ती कॅमेऱ्यात सहज पकडली जाते, तर मार्गिका अडवून बसणे एका चित्रात गुन्ह्यासारखे दिसतच नाही. ते ओळखायला तेच वाहन काही किलोमीटर नजरेखाली ठेवावे लागते. म्हणून केवळ चलानांची संख्या वाढवून ही कारवाई पुरी होणार नाही. गस्तीच्या वाहनातून मागोमाग जाऊन उजवी मार्गिका अडवणाऱ्याला बाजूला घेणारे पोलीसही रस्त्यावर हवेत.

प्रश्न : आमच्या ड्रायव्हरांना डावी मार्गिका सोडू नका असे सांगितले जाते. पण डावीकडे बंद पडलेल्या गाड्या उभ्या असतात आणि बोरघाटात पुढचा ट्रक रांगत असतो. त्याच्या मागे थांबलो की चढावर गाडीचा दम जातो. मोटारवाल्यांना हे कोण सांगणार? — एक वाहतूक व्यावसायिक, कळंबोली

उत्तर : मोटारवाल्यांना ते या सदरातून सांगतो. भरलेल्या ट्रकचा वेग चढावर एकदा मोडला, की तो पुन्हा धरायला गिअर, डिझेल आणि वेळ तिन्ही जातात, हे मोटार चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पुढचा ट्रक फारच सावकाश असेल किंवा डावीकडे वाहन बंद पडले असेल, तर इंडिकेटर देऊन मधल्या मार्गिकेतून पुढे जाणे आणि लगेच डावीकडे परतणे यात गैर काही नाही. गैर आहे ते उजव्या मार्गिकेत जाणे.

एक हिशोब मांडून पाहू. ताशी 55 किलोमीटरने चाललेल्या ट्रकला 60 ने चाललेला ट्रक ओलांडत आहे. दोन्ही ट्रक बारा-बारा मीटर लांब आणि आधी-नंतर वीस-वीस मीटर अंतर धरले, तर मागच्याला एकूण 64 मीटर कमवावे लागतात. फरक ताशी पाच किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम 1.4 मीटरचा. त्याला 46 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात त्याने पाऊण किलोमीटर रस्ता अडवलेला असतो. सपाट भागात मोटारींना ताशी 100 ची मर्यादा आहे. मागून त्या वेगाने येणाऱ्या मोटारींची रांग लागते, त्यातला कोणी डावीकडून वाट काढतो, आणि पुण्याच्या वाचकाचे वरचे पत्र जन्माला येते. म्हणून आपल्या चालकांना एवढेच सांगा, की पाच-सात किलोमीटरच्या फरकासाठी ओलांडू नये.

बंद पडलेल्या वाहनांची आपली तक्रार रास्त आहे. याच महामार्गावर 2016 मध्ये 151 जणांचे प्राण गेले. तेथे अपघाती मृत्यू शून्यावर आणण्याचा जो प्रकल्प हाती घेण्यात आला, त्यातही रस्त्यात उभ्या असलेल्या वाहनांवर मागून धडकणे हे मोठे कारण मानले गेले. वाहन बंद पडले तर ते पूर्णपणे कडेच्या पट्टीवर घ्यावे आणि परावर्तक त्रिकोण पुरेसा मागे ठेवावा. मागे दगड रचून फांदी खोवण्याची आपल्याकडची पद्धत रात्री कोणाच्याही उपयोगाची नाही, आणि निघताना ते दगड तसेच रस्त्यात राहतात ते वेगळेच. आणखी एक : घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे चालक आजही आहेत. इंजिनाचा रोध सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. मग शिस्त पाळायला मार्गिकाच उरत नाही.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. एम-वन मोटरवेवर मधल्या मार्गिकेतून मर्यादेतच जात असताना तिला पोलिसांनी थांबवले. डावी मार्गिका रिकामी होती, एवढाच तिचा दोष. वेग न वाढवता गुन्हा कसा होतो? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तेथे होतो. वाहने आपल्यासारखी डावीकडूनच चालतात, पण मोटरवेची डावी मार्गिका ट्रकांची नसून सर्वांची आहे. ओलांडायचे नसेल तर डावीकडेच राहावे, असे ‘हायवे कोड’ या तेथील वाहतूक नियमावलीचा 264 वा नियम सांगतो. ऑगस्ट 2013 पासून मधली मार्गिका विनाकारण अडवणे आणि पुढच्या वाहनाला खेटून चालणे यांसाठी जागेवरच 100 पौंड दंड आणि परवान्यावर 3 दंडगुण अशी कारवाई पोलिसांना करता येते. तीन वर्षांत 12 गुण झाले, की सामान्यतः परवाना निलंबित होतो. तिने तेथील परवाना नुकताच काढला असेल, तर पहिल्या दोन वर्षांत 6 गुणांनीच तो रद्द होतो, हे तिला आवर्जून कळवा. दंडाऐवजी प्रशिक्षणवर्गाचा पर्याय दिला गेला असल्यास तो स्वीकारणे शहाणपणाचे ठरेल.

तेथील पोलिसांची एक पद्धत मला फार आवडते. ते बिनखुणेच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून गस्त घालतात. त्या उंचीवरून मोटारचालकाच्या मांडीवरचा मोबाईल दिसतो आणि ट्रकचालकाच्या हातातलाही.

प्रश्न : उजव्या मार्गिकेत मागून कोणी डिपर देत अंगावर आला, तर आपण मर्यादेच्या वेगात असताना बाजू द्यावी का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : द्यावी. वेगमर्यादा राखून घेण्याचे काम आपले नाही. मधली मार्गिका रिकामी होताच इंडिकेटर देऊन तीत या, आणि तोपर्यंत त्याला धडा शिकवण्यासाठी ब्रेक दाबू नका. ताशी 100 किलोमीटरच्या वेगात वाहन सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. पुढच्या वाहनापासून निदान दोन सेकंदांचे, म्हणजे 55 मीटरांचे अंतर हवे असते आणि अंगावर येणाऱ्याने ते दहा मीटरही ठेवलेले नसते. त्याच्या घाईविषयी म्हणाल, तर हा महामार्ग सुमारे 94.5 किलोमीटरचा आहे. घाट आणि टोलनाके नाहीत असे धरले तरी 100 ऐवजी 120 च्या वेगाने गेल्यास साडेनऊ मिनिटे वाचतात.