तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : लॅबला खोली मिळाली, खुर्चीत कुणाला बसवू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सांगलीत एका मोठ्या रिटेल कंपनीच्या हेड ऑफिसला आहे. ऑर्डरचं ॲप आणि काउंटरवरचं बिलिंग सॉफ्टवेअर लोकांना वापरायला जमतंय का हे तपासायला साहेबांनी युजेबिलिटी लॅब काढायला सांगितलीय. खोली दिलीय, बजेट बेताचंच आहे. पलीकडून लपून बघता येतं ती एकतर्फी काच बसवायची का, माणसं किती बोलवायची? साहेब म्हणतात, ऑफिसातलेच दहा-पंधराजण बसवा नि उरकून टाका.
– एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : काच विसरा हो. एक टेबल, दोन खुर्च्या, स्क्रीन आणि बोटं दोन्ही दिसतील असा कॅमेरा, आणि ते सगळं शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर, बास. पैसे घालायचेच तर माईकवर घाला, चित्र जरा अंधुक आलं तरी चालतं पण समोरचा काय पुटपुटला तेच ऐकू आलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात. फोन पण साधा ठेवा, गिऱ्हाइकाकडं असतो तसला, अक्षरं मोठी केलेला.

आता माणसं. ऑफिसातले नकोतच, त्यांना तुमचं ॲप आधीच पाठ असतं. काउंटरला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना तुम्ही स्वतः विचारा, हे काम दुकानाच्या मॅनेजरवर सोडू नका, तो त्याची नेहमीची गोड बोलणारी गिऱ्हाईकं पाठवतो. आकड्याचं म्हणाल तर युजेबिलिटीचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचा हिशेब या धंद्यात सगळ्यांना माहितीय: एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी कळतात, पाच माणसांत साधारण ८५ टक्के, आणि पंधरा जण एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाच करून तीनदा बसवा, मध्ये दुरुस्ती करा, असं त्यांनी २००० सालीच लिहून ठेवलंय. पण हे पाच म्हणजे एका प्रकारचे पाच! रिटेलमध्ये गिऱ्हाईक वेगळं, काउंटरवरची मुलगी वेगळी, माल काढून देणारा पोरगा वेगळा, तिघांचे स्क्रीन वेगळे आणि घाई पण वेगळी, म्हणून प्रत्येकाचे पाच. आणि साहेबांनी ‘किती टक्के लोकांना जमलं’ विचारलं तर पाचावर टक्केवारी काढू नका, त्याला बरीच जास्त माणसं लागतात.

काम कसं सांगता यावर सगळं आहे. ‘कार्टमध्ये तांदूळ टाका’ म्हणालात की संपलं, बटणावरचा शब्द तुम्हीच सांगून टाकला. त्यापेक्षा म्हणा, ‘काकी, उद्या पाहुणे येणारेत, पाच किलो तांदूळ सकाळपर्यंत घरी यायला पाहिजेत, मागवा बघू’. मनात येईल ते बोलत राहा असंही सांगा, ही पद्धत या धंद्यात आयबीएमच्या क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये आणली नि अजून चालते. मग तुम्ही गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड.

आपल्याकडची एक अडचण मात्र पुस्तकात सापडायची नाही. आपली माणसं यजमानासमोर नावं ठेवत नाहीत. मी एका टेस्टला बसले होते, एक बाई पत्त्याच्या पानावर अडकल्या, गल्ली नंबर मागत होतं नि त्यांचा पत्ता ‘मार्केट यार्डाच्या मागं, पिठाच्या गिरणीशेजारी’, बोट तीनदा त्या चौकटीवर जाऊन माघारी आलं, आणि तोंडानं काय म्हणतात, ‘चांगलं हाय की, माझंच जरा ध्यान नाही’. तोंडाचं लिहून घेतलं असतं तर पान पास झालं असतं! म्हणून सुरुवातीलाच सांगायचं की हे आम्ही बनवलेलं नाही, चूक निघाली तर ॲपची, आणि भेटीचं पाकीट आधीच हातात द्यायचं, नंतर नाही.

शेवटी एसयूएसचे, म्हणजे सिस्टिम युजेबिलिटी स्केलचे, दहा प्रश्न भरून घ्या, वापरायला किती सोपं वाटलं याचे शंभरपैकी गुण त्यातून निघतात, १९८६ साली जॉन ब्रुक यांनी केलेले, फुकट आहेत. फक्त साहेबांना आधीच सांगून ठेवा की ७० आले म्हणजे ७० टक्के मार्क नव्हेत, त्याची सरासरीच ६८ च्या आसपास असते. नाहीतर फर्स्ट क्लासचे पेढे वाटतील.

आणि रिपोर्टच्या नादाला फार लागू नका, चाळीस पानं कोण वाचतंय. महिन्यातला एक दिवस पक्का करा, दिवाळीचा सीझन नि पगाराचा पहिला आठवडा सोडून, आणि त्या दिवशी डेव्हलपर, खरेदीवाले, जमलं तर साहेब, टीव्हीसमोर बसवा. बाहेरगावी टीम असेल तर तिला व्हिडिओ कॉलवर घ्या. संध्याकाळी तिथंच ठरवा की पुढच्या महिन्याआधी कोणत्या तीन गोष्टी दुरुस्त होणार आणि कोण करणार. लॅब ज्या खात्याखाली जाईल त्या खात्याच्या कामाला ती नावं ठेवत नाही हा माझा अनुभव, तेव्हा मार्केटिंगखाली जाऊ देऊ नका, भांडा थोडं.

प्रश्न : मी साताऱ्यात एका दुकानात कॅशियर आहे. नवीन बिलिंगच्या टेस्टला मला बसवलं, व्हिडिओ काढला. तो एरिया मॅनेजरला दाखवून माझा स्पीड काढतील का अशी भीती वाटतेय.
– एक वाचक

उत्तर : रास्त भीती आहे. टेस्ट सॉफ्टवेअरची असते, तुमची नाही, आणि तो व्हिडिओ अप्रेझलला वापरणं हा सरळ विश्वासघात आहे. रेकॉर्डिंगच्या आधी मराठीत संमतीपत्र द्यायला हवं होतं: व्हिडिओ कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार. अजून वेळ गेलेली नाही, या तिन्हीची उत्तरं एचआरकडं ईमेलनं मागा आणि चेहरा झाकायला सांगा, बिलिंग तपासायला तुमचा चेहरा लागत नाही. लॅब चालवणाऱ्यांनाही हेच कळवा, कारण उद्या कॅशियर घाबरून बसायला लागले की त्यांच्या टेस्टला काही अर्थच उरणार नाही आणि हे त्यांना एचआरपेक्षा लवकर पटेल.