हॉलमध्ये आवाज घुमतो, भिंतींना थर्माकोल लावावे का?

वडगावातील नव्या हॉलमध्ये आवाज घुमतो, शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाटही आत येतो, तेव्हा कंत्राटदाराच्या सांगण्यावरून भिंतींना थर्माकोल चिकटवावे का, असे आपण विचारले आहे. चिकटवू नये. थर्माकोलमधील हवा बंद पेशींत असते, त्यामुळे नादाला आत शिरायला वाट मिळत नाही. शिवाय ते इतके हलके असते की पलीकडचा आवाजही त्याने अडत नाही. याच विषयावरून माझे आणि थोरल्या बंधूंचे आजही पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

खानापूर तालुक्यातील आमचे जुने घर जांभ्याच्या चिऱ्यांचे होते, वर मंगळुरी कौले आणि त्यांच्याखाली फळ्यांचा माळा. एकादशीला बाबा पेटी घेऊन बसत आणि अभंगाचा शब्दन्‌शब्द ओसरीवर बसलेल्यालाही कळत असे. ते घर पाडून आम्ही स्लॅबचे बांधले, भिंतींना गुळगुळीत गिलावा केला, खाली व्हिट्रिफाइड फरशी घातली, आणि पहिल्याच एकादशीला बाबांनी दुसऱ्या अभंगानंतर पेटी मिटली, कारण मागचा सूर विरण्याआधीच पुढचा त्यात मिसळत होता. दादा म्हणाले, "नऊ इंची भिंत आहे, जाड भिंत आवाज पिते, बाबांचे कान आता थकले." ते वाक्य मला तेव्हा लागले आणि अजूनही लागते. बाबांचे कान शाबूत होते.

जाड आणि जड भिंत आवाज पलीकडे जाऊ देत नाही, एवढेच तिचे काम. जो पलीकडे जात नाही तो आत परततो. गुळगुळीत गिलावा शंभरातील दोन-तीन भागच शोषतो. जुन्या घरात कौलांच्या फटींतून नाद निघून जात असे, आणि फटीतून गेलेला नाद परत येत नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी तर उघड्या खिडकीलाच शोषणाचे माप मानले होते. १८९५ पासून त्यांनी रात्रीच्या शांततेत जवळच्या नाट्यगृहातील गाद्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात आणून, ऑर्गनची नळी वाजवून, नाद विरायला लागणारा वेळ मोजला.

खोली जितकी मोठी आणि शोषण जितके कमी, तितका नाद जास्त वेळ टिकतो, या त्यांच्याच सूत्राने मी आमचा हॉल मांडला. सहा मीटर लांब, साडेचार रुंद आणि तीन उंच, म्हणजे ८१ घनमीटर. रिकाम्या खोलीत नाद दहा लाखांतला एक भाग उरायला सुमारे पावणेचार सेकंद. आईने शिवलेल्या वाकळी भिंतींपासून चार बोटे सोडून टांगल्या, दहा चौरस मीटर भरतील इतक्या. त्या निम्मा नाद शोषतात असे धरले, तर हाच काळ दीड सेकंदावर येतो. त्या संध्याकाळी बाबा तासभर वाजवत बसले. पाहुणे येणार म्हणून दादांनी पुढच्याच आठवड्यात वाकळी उतरवल्या.

आपण जाड, चुणीदार पडदे लावावेत, किंवा दोन इंची ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, कापडात मढवून भिंतींवर आणि छताला लावावी. घरातील वडीलधारे शब्द कळत नाही म्हणत असतील, तर त्याचे कारण वयात शोधण्याआधी खोलीत टाळी वाजवून ती घुमते का ते पाहावे. पॉवरलूमचा आवाज यांपैकी कशानेही थांबणार नाही. त्यासाठी त्या बाजूच्या खिडक्या-दारांच्या फटी बुजवून काच जड करावी लागेल.

हे सारे आकडे अंदाजाचे आहेत, कारण माणसे आणि सामान आले की हिशेब बदलतो. शिवाय पखवाजाच्या खालच्या नादावर वाकळीचा फारसा परिणाम होत नाही. मागे पोकळी ठेवून बसवलेली पातळ फळी कंप पावून तो नाद घेते, आणि आमच्या माळ्याने तेच काम वर्षानुवर्षे केले होते. त्या फळ्या अजून गोठ्यात रचून ठेवलेल्या आहेत. त्या हॉलच्या भिंतीला बसवाव्यात, असे मी दादांना आजही सांगतो.