वाचकांचे प्रश्न : सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

प्रश्न : माझी 125 सीसीची, कार्बोरेटर असलेली मोटारसायकल 2015 सालची आहे. डिसेंबर लागल्यापासून पहाटेच्या पाळीसाठी अंबडला निघताना सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बटण दाबत राहिलो की पेट्रोलचा वास येऊ लागतो आणि हळूहळू सेल्फही मंदावतो. दुपारी उन्हात उभी असलेली हीच गाडी एका दाबात सुरू होते. एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला सांगितली, दुसऱ्याने कार्बोरेटर. आधी काय बदलावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : तूर्त दोन्हींपैकी काहीही बदलू नये. सुरुवातीला सेल्फ जोरात फिरतो, याचा अर्थ बॅटरीत दम आहे. तो नंतर मंदावतो, कारण आपण बटण दाबून दाबून बॅटरी उतरवत आहात. पेट्रोलचा वास येतो, म्हणजे टाकी, कॉक आणि नळी यांचे काम ठीक चालले आहे. दुपारी गाडी सहज सुरू होते, यावरून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) पार गेलेले नाही हेही कळते. उरतात दोन शक्यता : थंडीत लागते तसे पेट्रोल-हवेचे मिश्रण मिळत नसावे, किंवा प्लगची ठिणगी कमजोर असावी.

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा दहा अंशांच्या खाली जाते. निफाडकडे तर त्याहूनही कडाका असतो. इंजिनात जळते ती पेट्रोलची वाफ, आणि थंडीत वाफ कमी होते. म्हणून हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा चोक दिलेला असतो. आपण चोक ओढत असाल, पण तो खरोखर लागतो का, हे पाहिले आहे काय? खटका हँडलवर असेल, तर कुणाला तरी तो ओढायला सांगून आपण कार्बोरेटरजवळ वाकून पाहावे. केबल ढिली झालेली किंवा गंजून अडकलेली असेल, तर वर खटका पूर्ण सरकतो आणि खाली चोकची दांडी जागची हलत नाही. केबलची किंमत अगदीच किरकोळ असल्यामुळेच की काय, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. चोक ओढलेला असताना ॲक्सिलरेटर पिळू नये, कारण त्यामुळे चोकचा परिणाम बराचसा निघून जातो. इंजिन सुरू होऊन थोडे तापले की चोक आठवणीने परत ढकलावा. तो राहून गेला तर प्लगवर काजळी धरते आणि दुसऱ्या दिवशीचा त्रास आपणच ओढवून घेतो.

पेट्रोलचा वास आल्यावर मात्र चोक पूर्ण बंद करावा, कारण तेव्हा गाडी ओव्हरफ्लो झालेली असते. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरून किक माराव्यात, म्हणजे साचलेले पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडते. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून अधिक दाबू नये आणि दोन दाबांमध्ये निदान पंधरा सेकंदांची विश्रांती द्यावी. गाडी सेल्फने सुरू होत नाही पण किकने होते, असे आढळले, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर घेण्यास जागा आहे. सेल्फ खूप करंट ओढतो आणि उतरलेल्या बॅटरीत ठिणगीसाठी पुरेसे व्होल्टेज उरत नाही.

यानंतर प्लगकडे वळावे. इंजिन थंड असताना, प्लगभोवतीची माती फुंकून किंवा ब्रशने काढूनच तो खोलावा, नाहीतर तीच माती सिलिंडरमध्ये पडते. टोक ओले असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. कोरडी काळी काजळी असेल तर चोक किंवा एअर फिल्टर तपासावा. इतक्या प्रयत्नांनंतरही टोक कोरडे ठणठणीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. प्लग पुसून कॅपमध्ये बसवावा, त्याचा आट्यांचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवावा आणि कॅप हाताने न धरता रबरी मुठीच्या पकडीने धरून किक मारावी. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ही परीक्षा भोकापासून दूर आणि सांडलेले पेट्रोल पुसूनच करावी. निळी, कडक आवाजाची ठिणगी दिसली तर प्लग निर्दोष समजावा, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते. ठिणगी पिवळट, मरतुकडी असेल तर प्लग बदलून पाहावा. त्यानेही फरक पडला नाही, तर कॅप वायरवरून काढून वायरचे झिजलेले टोक थोडे कापावे आणि कॅप पुन्हा घट्ट बसवावी. प्लगमधील फट अशा गाड्यांत बहुधा 0.7 ते 0.8 मिलिमीटर असते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

एवढे करूनही पहाटेचा त्रास राहिला, तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतील फट) तपासून घ्यावेत आणि तेही रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर. टॅपेट घट्ट झाले की व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि थंड इंजिन उचलायला त्रास देते. कार्बोरेटरची सफाई यानंतर करावी. तो बदलण्याची वेळ क्वचितच येते.

प्रश्न : माझी 2021 सालची इंजेक्शनवाली गाडी आठवडाभर उभी होती. आता बटण दाबले की फक्त ‘टक’ असा आवाज येतो आणि मीटरचे दिवे मंद होतात. ढकलूनही सुरू झाली नाही.
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : आपल्या बाबतीत मात्र बॅटरीच पाहावी; पण बदलण्यापूर्वी टर्मिनल खोलून त्यावरचे पांढरे-हिरवट क्षार पॉलिश पेपरने काढावेत आणि स्क्रू आवळावेत. मल्टिमीटरवर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करावी आणि दुसऱ्या दिवशीही ती टिकते का, ते पाहावे. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 या प्रदूषणविषयक नियमांनंतर मोटारसायकलींत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन सर्रास आले. अशा गाडीत पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक) दोन्ही बॅटरीवर चालतात, त्यामुळे बॅटरी पार उतरलेली असताना ढकलून फक्त दम लागतो. चावी फिरवल्यावर टाकीतून येणारा पंपाचा बारीक आवाज ऐकण्याची सवय लावून घ्यावी. किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण) आणि साइड स्टँडही एकदा पाहावेत. हसू नये, गॅरेजपर्यंत ढकलत आणलेल्या कित्येक गाड्यांचा आजार तेवढाच असतो.

प्रश्न : पावसाळ्यात गोदाघाटावर लावलेली माझी मोटारसायकल पुराच्या पाण्यात बुडाली होती. वरून कोरडी झाल्यावर सुरू करून पाहावी काय?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : मुळीच नाही; चावीसुद्धा फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, आणि सेल्फच्या किंवा ढकलण्याच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. मग प्लग काढून किक हाताने हळूहळू दाबावी आणि पाणी बाहेर येऊ द्यावे. ऑइल दुधी झालेले असेल तर बदलावे, आणि थोडा वेळ इंजिन चालवल्यावर पुन्हा बदलावे. एअर फिल्टर नवा घालावा. टाकीतील पेट्रोल संपूर्ण काढावे; हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि पाणी शिरले की ते पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल, तर पाना हातात घेण्यापूर्वी फोटो काढून विमा कंपनीला कळवावे, कारण बुडालेली गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन बिघडले, तर तेवढा खर्च नाकारला जाऊ शकतो.