नोंदवहीतील वनस्पतींची शास्त्रीय नावे बदलली, तर जुनी नावे पुसावीत का?

गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी, म्हणजे गावातील वनस्पती-प्राण्यांच्या नोंदींच्या वहीसाठी, आपण केलेल्या यादीतील काही शास्त्रीय नावे आता जुनी झाली आहेत, ती खोडून नवी लिहावीत का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की, खोडू नयेत. नोंद करणाऱ्याने लिहिलेले नाव एका रकान्यात जसेच्या तसे राहू द्यावे आणि सध्याचे मान्य नाव, ते कोणत्या संदर्भावरून व कधी घेतले यासह, शेजारच्या रकान्यात लिहावे.

बाभूळ आणि खैर हे दोन्ही वृक्ष पूर्वी अकेशिया या एकाच प्रजातीगटात, म्हणजे जीनसमध्ये, मोडत. २००५ साली व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियातील झाडांकडे राहील असे ठरले, २०११ साली मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका, तर खैर सेनेगालिया कटेचू झाला. येथे झाड तेच असल्याने बदल घरबसल्या करता येतो. एका जातीच्या दोन जाती केल्या जातात तेव्हा मात्र तसे चालत नाही. जुनी नोंद कोणत्या जातीची, हे छायाचित्र किंवा वाळवलेला नमुना पाहूनच सांगता येते, आणि तो नसेल तर नोंद संदिग्ध म्हणूनच ठेवावी लागते.

स्थानिक नावाचा रकाना तर कधीच गाळू नये, पण केवळ त्यावर विसंबूही नये. महाबळेश्वरकडे अंजन किंवा अंजनी म्हणजे निळ्या फुलांचे मेमेसायलॉन, तर खानदेशात अंजन म्हणजे जोडपानांचा हार्डविकिया बायनाटा. गावाचे नाव न लिहिता नुसते ‘अंजन’ लिहिले, तर दहा वर्षांनी ती नोंद कोणालाच उलगडणार नाही.

‘पांढऱ्या’ हा शब्द, यादी संगणकावर भरताना, दोन वेगळ्या कळफलकांवर टंकला, तर त्यातील ऱ्य दिसायला सारखा असला तरी संगणकासाठी वेगळा ठरू शकतो. मग पांढऱ्या छातीचा खंड्या हा पक्षी यादीत दोनदा मोजला जातो. माझी स्वतःची चूक याहून ढोबळ होती. एकाच सकाळी पाहिलेल्या बारा झाडांसाठी संगणकावरील तक्त्यात तारखेचा चौकोन मी खाली ओढला आणि बारा झाडांना लागोपाठच्या बारा तारखा लागल्या. रानात नेलेली वही जपून ठेवली होती, म्हणून ते दुरुस्त करता आले.