उपासाचे पैसे गेले कुठे?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेले की इंग्लंडला असताना दर उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, चर्चच्या हॉलमध्ये मी सूप ढवळायचे, जगातली भूक कमी व्हावी म्हणून, आणि तेवढ्यावरून पत्रांचा ढीग आलाय. काहींना हसू आलं, काहींना राग आला, एकांनी रेसिपी मागितलीय. सगळी छापता येत नाहीत, चार घेतलीत.

मावशी, मी मूळची वसईतल्या पापडीची, इथे लेस्टरला नर्स आहे. आमच्या चर्चमध्ये कॅफोडचा, म्हणजे जगातल्या गरिबांना मदत करणाऱ्या इथल्या कॅथलिक संस्थेचा, ग्रुप आहे, ग्रुप म्हणजे चार म्हाताऱ्या बायका, त्यातल्या एकीचे गुडघे गेलेत म्हणून आता सगळं तू बघ म्हणतायत. सूप लंच, देणगीची पाकिटं वाटणं, मिस्सानंतर (रविवारच्या प्रार्थनेनंतर) दोन मिनिटं बोलणं. मला नाही म्हणता येईना, पण खरं सांगा, सूप विकून कोणाची भूक जाते का? वॉर्डमधल्या मैत्रिणी म्हणतात इथेच फूड बँकेला रांगा लागल्यात, तुमचं काय जगाचं चाललंय.

अगं, त्या चार म्हाताऱ्यांना कमी समजू नकोस, ही सगळी भानगड सुरूच मुळी बायकांनी केलीय. ११ मार्च १९६०, शुक्रवार. इंग्लंडातल्या कॅथलिक महिला संघटनांनी ठरवलं की त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी साधंच जेवायचं आणि जे पैसे वाचतील ते डोमिनिका नावाच्या कॅरिबियन बेटावरच्या आई-बाळांच्या दवाखान्याला पाठवायचे. पाचशे पौंड जमले तरी पुष्कळ असा अंदाज होता, जमले सहा हजारांच्या वर. बिशप लोकांनी कॅफोड ही संस्था काढली ती १९६२ मध्ये. म्हणजे आधी बायकांचा उपास, मग संस्था. हा क्रम ध्यानात ठेव, उद्या कोणी साहेब तुला काम कसं करायचं ते शिकवायला आले तर उपयोगी पडेल.

आता सूप. माझी फजिती सांगते म्हणजे तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल. पहिल्या वर्षी मला फार उत्साह, म्हटलं नुसतं सूप काय द्यायचं लोकांना, मी साठ बटाटेवडे तळून नेले, शिवाय कोणीतरी तीन प्रकारचं चीज आणलं, कोणी महागातला ब्रेड, आणि हॉलमध्ये अशी गर्दी झाली की विचारू नकोस, सगळे खूश, मी तर हवेतच. संध्याकाळी आमच्या ग्रुपमधल्या एका आयरिश आजींनी रिकाम्या पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने एकीकडे जमा आणि एकीकडे तेल, बटाटे, चीज, ब्रेड असं लिहून तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि काही न बोलता कप विसळायला गेल्या. आपल्याकडे म्हणतात ना, एकादशी आणि दुप्पट खाशी. तेच आम्ही इंग्रजीत केलं होतं.

दुसऱ्या वर्षीपासून मी मसुरीची आमटी करायचे, जरा पातळ, वरून लसणाची फोडणी, आणि सोबत साधा पाव. त्याला तिथे सूप म्हणतात, म्हणू देत. मुद्दा पोट भरायचा नाहीच आहे, मुद्दा हा की एरवी त्या जेवणाला जे पैसे गेले असते ते डब्यात पडले पाहिजेत. सूप विकून भूक जात नाही, बरोबर आहे तुझं, पण सूप विकायचंच नसतं ना. त्या दिवशी काय खाल्लं नाही त्याचे पैसे मोजायचे असतात.

आणि मोजणं हेच खरं काम आहे, ते कोणी सांगत नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे वेदीमागच्या खोलीतल्या, टेबलावर पाकिटं उलटी करायची, बँकेच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत नाणी भरायची, एक पौंडाची वीस, वीस पेनीची दहा पौंडांची पिशवी, दहा आणि पाच पेनीची पाच पौंडांची, तांब्याची नाणी पौंडभर झाली की पिशवी बंद. एक नाणं कमी असलं तरी परत मोजायचं. दोघींनी मोजायचं, एकटीने कधीच नाही. मग पाकिटांवरची नावं बघायची, कारण तिथे टॅक्स भरणाऱ्याने गिफ्ट एडवर खूण केली की प्रत्येक पौंडामागे सरकारकडून पंचवीस पेनी वर मिळतात, पण घर नंबर नाहीतर पोस्टकोड राहिला असेल तर ते गेलं. पाकीट वाटतानाच पेन हातात दे, एवढं एक ऐकलंस तरी तुझ्या ग्रुपची कमाई वाढेल.

फूड बँकेचं म्हणशील तर मैत्रिणींचं चूक नाही. आमच्या चर्चमध्ये तर दाराशीच टोपली असायची, टिन आणि पास्ता टाकायला, आणि गंमत म्हणजे ती भरणारी माणसं आणि कॅफोडचं पाकीट देणारी माणसं बहुतेक तीच. जो जवळच्याला देतो तोच लांबच्यालाही देतो, जो नुसता वाद घालतो त्याच्याकडून दोन्हीकडे काही येत नाही, हा आपला माझा अनुभव, सगळीकडे असंच असेल असं नाही. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी तर यावर साधा तोडगा काढलाय. त्यांच्याकडे उपवासकाळात घरोघरी पुठ्ठ्याचा डबा देतात, राइस बोल म्हणतात त्याला, १९७५ ला पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमध्ये सुरू झालं, आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी. त्यातले पंचाहत्तर टक्के बाहेर जातात आणि पंचवीस टक्के आपल्याच धर्मप्रांतातल्या भुकेल्यांसाठी राहतात. भांडणच नको.

दोन मिनिटांच्या भाषणाचं. आकड्याने सुरुवात करू नकोस. २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक भुकेले होते, शंभरातले आठ, हा युनोच्या संस्थांचा अंदाज आहे आणि तो ऐकताना बाकावरची माणसं बूट बघत बसतात, मी बघितलंय. बियाण्याचं सांग. मध्यंतरी कॅफोडने जागतिक बँकेला पत्रं लिहायची मोहीम काढली होती, की शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी राखता आलं पाहिजे, शेजाऱ्याला देता आलं पाहिजे, आणि त्याच्या आड येणारे कायदे बँकेने देशादेशांत पुढे रेटू नयेत. आता बघ, त्या बँकेचे अध्यक्ष अजय बंगा, जन्म आपल्या खडकीचा. आणि बी राखण्याचं म्हणशील तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना आपण बीजमाता म्हणतो, पद्मश्री मिळालेल्या, त्या दुसरं काय करतायत? आपल्याकडे २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, बदलायचा, विकायचासुद्धा हक्क दिलाय, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. सगळ्या देशांत तसं नाहीये. हे तू सांगितलंस तर लेस्टरचं चर्च कान टवकारून ऐकेल, कारण हे त्यांना दुसरं कोणी सांगणार नाही.

मावशी म्हणायला संकोच वाटतो, मी पासष्टीचा आहे, पुण्यात असतो, हिंदू आहे. स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हे भुकेच्या नावाने जमवलेले पैसे शेवटी धर्मांतरालाच वापरतात ना?

राग कसला काका, तुम्ही तोंडावर विचारलंत, बाकीचे पाठीमागे विचारतात.

नियम काय आहे ते आधी. कॅफोड असो, कॅरिटास इंडिया असो, या सगळ्या कॅरिटास इंटरनॅशनॅलिस या कॅथलिक मदत संस्थांच्या जागतिक संघाच्या छत्रीखाली येतात आणि त्या छत्रीने १९९४ मध्ये रेडक्रॉससोबत एक आचारसंहिता मान्य केलीय, त्यात चक्क लिहिलंय की मदत गरज बघून द्यायची, धर्म बघून नाही, आणि मदतीच्या आडून आपला राजकीय किंवा धार्मिक विचार पुढे ढकलायचा नाही. कागदावर आहे म्हणजे प्रत्येक गावात पाळलंच गेलं असं मी म्हणणार नाही, म्हणून हिशोब मागा, तो तुमचा हक्क आहे.

पण तुमचा प्रश्न नवा नाहीये. मनमाडला विन्सेंट फेरर नावाचे स्पॅनिश फादर होते, शेतकऱ्यांना विहिरी खणायला मदत करायचे, त्यांच्यावर हाच संशय, शेवटी १९६८ मध्ये त्यांना देश सोडायला सांगितलं. तर हजारो शेतकरी त्यांच्या बाजूने मुंबईला चालत निघाले, आणि त्यातले बहुतेक सगळे हिंदू होते. पुढे ते परत आले पण महाराष्ट्रात नाही, १९६९ ला आंध्रात अनंतपूरला गेले आणि २००९ मध्ये वारले तोवर तिथेच राहिले. आपण एक कामाचा माणूस घालवला असं माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

दुसरे फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडचे, नगर जिल्ह्यात आयुष्य काढलं. पाणी अडवायच्या कामात इतके बुडाले की १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबोंबरोबर त्यांनी त्यासाठीच वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट काढली. पुण्याहून संगमनेर काही लांब नाही काका, एकदा तिथल्या दरेवाडीला जाऊन या, त्यांच्या कामातून माती अडवलीय, झाडं लावलीयत, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा की धर्म बदलला का. माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्यांनाच विचारा.

मावशी, आम्ही वसईचे युवक-युवती, या उपवासकाळात इंग्लंडच्या कॅफोडसारखी चालून पैसे जमवायची मोहीम करायचीय. ४० दिवसांत २०० किलोमीटर. क्यूआर कोडपण तयार आहे, आमच्या खजिनदाराच्या नावाचा. काही टिप्स?

थांबा थांबा. क्यूआर आधी काढून टाका. पोरगा हरिश्चंद्र असेल, पण त्याच्या खात्यात रोज पन्नास-शंभर येत राहिले की महिन्याने त्यालाच कळणार नाही मोहिमेचे किती आणि क्रिकेटच्या जर्सीचे किती, आणि मग गावात जे बोललं जातं ते त्याच्या आईला ऐकावं लागतं. फादरांना विचारा, चर्चच्या नाहीतर ज्या संस्थेला देणार तिच्याच खात्याचा कोड लावा. कॅरिटास इंडिया दर उपवासकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालवते, तिकडे देणार असाल तर धर्मप्रांताच्या ऑफिसमधून कळेल कसं द्यायचं ते. टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी, ८०जीची म्हणतात ती पावती मिळते का तेही आधीच विचारा, लोक नंतर मार्चमध्ये तुमच्या दारात येतात, आणि रोख दोन हजारांच्या वर दिले तर टॅक्समध्ये धरत नाहीत हे देणाऱ्याला सांगून ठेवा.

अजून एक, आणि हे वसईत फार महत्त्वाचं कारण आपल्या प्रत्येक घरातलं कोणीतरी बाहेर आहे. कुवेतमधला काका, ज्याचा पासपोर्ट भारतीय आहे, त्याने स्वतःच्या कमाईतले बँकेतून पाठवले तर चालतं. पण कॅनडाची सिटिझनशिप घेतलेल्या मामाचे पैसे म्हणजे परदेशी देणगी, मग ते रुपयात का असेनात, आणि ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते, पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. मामाला प्रेमाने सांगा, तिकडेच कॅनडात दे म्हणून.

चालण्याचं म्हणाल तर रोजचे पाच किलोमीटर होतात, जवान पोरांना काही नाही, पण संध्याकाळी चाला, मार्चचं ऊन आपल्याकडचं आहे, तिकडे लोक थंडीत कोट घालून चालतात. आणि प्रायोजक पहिल्या आठवड्यातच लिहून घ्या. चालून झाल्यावर कोणी देत नाही.

मी नंदाखालचा, वय ७२. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला मटण नाही खायचं हे ठाऊक आहे. मासे चालतात ना? सूनबाई म्हणते पापलेट खाऊन कसला उपास. तुम्हीच सांगा.

आजोबा, कायद्याने तुम्ही जिंकलात. उपासाचा नियम, म्हणजे दिवसात एकच पूर्ण जेवण, तो अठराव्या वर्षापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंतच, त्यातून तुम्ही केव्हाच सुटलात. मांस वर्ज्य मात्र चौदा वर्षांपुढच्या सगळ्यांना, त्याला वरची मर्यादा नाही, आणि मासे मांसात धरत नाहीत.

पण सूनबाईंनी कधी बाजारात पापलेटचा भाव आणि कोंबडीचा भाव शेजारीशेजारी लिहून तुमच्यासमोर ठेवला तर त्या आयरिश आजींसारखं होईल तुमचं, सांगून ठेवते. सुके बोंबील आणा. वांग्यात घातले की छान लागतात, आणि पापलेटचे उरलेले पैसे चर्चमधल्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या डब्यात टाका, ती मंडळी तुमच्याच गावात घरोघरी फिरतात.

रेसिपी मागणाऱ्या बाईंना: एक वाटी मसूर, सहा वाट्या पाणी, लसूण जास्त. टोमॅटो नको, महाग झालेत.