पाच बाटल्या, चार चीज आणि एक पिंकदाणी

थंडीची चाहूल लागली की या विषयावरची पत्रं वाढतात. घरी दहा-बारा जणांना बोलवायचं, वाइन आणि चीज चाखायचं, जमलेले पैसे एखाद्या चांगल्या कामाला द्यायचे. बेत छान आहे. पत्रांमधले प्रश्न मात्र बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होतात, म्हणून यावेळी सहा पत्रांना एकत्रच उत्तरं देते.

आम्ही १२ जण जमणार आहोत. गावच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी निधी उभा करायचा आहे. किती वाइन, किती चीज आणायचं? कमी पडलं तर लाज वाटेल. — कोथरूड, पुणे

कमी पडण्याची भीती आधी काढून टाका. ही चाखण्याची बैठक आहे, लग्नाची पंगत नव्हे. ७५० मिलीच्या एका बाटलीतून ६० मिलीचे १२ घोट निघतात आणि ३० मिली उरतात. ते ३० तुमचे. पाहुणे येण्याआधी प्रत्येक बाटली चाखून बघा; एखाद्या वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती बुचामुळे बिघडलेली असते, बाजूला ठेवा. म्हणजे पाच प्रकारांच्या पाच बाटल्या पुरेत, सहावी हाताशी असू द्या.

एवढ्यात माणशी ३०० मिली होते. ऐकायला थोडं वाटतं, पण १३ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात ३० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातली कायद्याची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे आणि एवढं प्यायलेला माणूस ती सहज ओलांडतो. निमंत्रणातच ‘रिक्षाने किंवा कॅबने या’ असं लिहा. शिवाय पिंकदाणी ठेवा. हो, पिंकदाणीच! व्यावसायिक चाखणारे घोट तोंडात घोळवून थुंकतात. आपल्याकडे चारचौघांत थुंकायला कोणी धजत नाही; पहिला घोट यजमानीणबाईंनीच थुंकून दाखवला की सगळे सैलावतात. आजोबांच्या काळातलं पितळी तस्त माळ्यावर असेल तर त्याचं भाग्य उजळलं म्हणायचं.

चीज माणशी १०० ग्रॅम, म्हणजे चार प्रकार, प्रत्येकी ३०० ग्रॅम. एक मऊ, पांढऱ्या सालीचं ब्री किंवा कामॉम्बेर. एक शेळीच्या दुधाचं. एक मुरलेलं कडक, गौडा किंवा चेडार. आणि एक निळ्या बुरशीचं. हे सगळं आता आपल्याकडे बनतं, परदेशी पाकिटांच्या मागे धावू नका. पाचवं म्हणून मी गंमत करते. डब्यातल्या प्रोसेस्ड चीजची एक वडी नाव न सांगता मध्येच ठेवते. मुरलेल्या चेडारनंतर ती खाल्ली की चीज म्हणून आपण आजवर काय खात होतो ते न सांगता कळतं. (मुलांना शेवटी तीच आवडते, तो भाग वेगळा.)

क्रम: आधी फसफसणारी, मग सोव्हिन्यों ब्लां, मग शेनां ब्लां (या दोन्ही पांढऱ्या), मग लाल, शेवटी गोड लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. नाशिकच्या चार आणि अकलूजच्या बाजूची एक लाल सांजोवेसे घेतलीत तर बोलायला विषयही मिळतो. फ्रान्समध्ये द्राक्षं तोडतात साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. आपल्याकडे पावसानंतर वेलांची छाटणी होते आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, कारण पावसाळ्यात पिकलेलं द्राक्ष सडेल.

जोड्यांबद्दल एक मत ठामपणे मांडते: चीजबरोबर लाल वाइन हवीच ही समजूत सोडा. पांढरी वाइन जास्त प्रकारांशी जुळते. शेळीच्या चीजला सोव्हिन्यों, ब्रीला फसफसणारी, निळ्याला गोड. लाल ठेवा ती मुरलेल्या कडक चीजसाठी. लाल वाइनमधलं टॅनिन कच्च्या केळ्यासारखं जिभेला तुरट लागतं. चीजमधली प्रथिनं त्याला धरून ठेवतात आणि तुरटपणा उतरतो. कोऱ्या चहात दूध घातल्यावर घडतं तेच.

सोबत ज्वारीच्या भाकरीचे कडक तुकडे, साधा खाकरा, पुरंदरचे अंजीर, मनुका, थोडा गुळांबा. तिखट काही नको. माझ्या पहिल्या बैठकीत मी हौसेने भाजणीची चकली ठेवली होती. तिखटाने लाल शिराझ कडवट झाली, जीभ भाजली आणि पाहुण्यांनी पुढचा तासभर नुसतं पाणी मागितलं.

माणशी १,५०० रुपयांचं तिकीट आणि शेवटी दोन चांगल्या बाटल्यांचा लिलाव असा विचार आहे. घरच्या घरी चालेल ना? — ठाणे

नाही. परवान्याशिवाय मद्य विकणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे, आणि वाइनचा समावेश असलेलं तिकीट किंवा बाटलीचा लिलाव ही विक्रीच. ‘उद्देश चांगला होता’ हे उत्तर तिथे चालत नाही. तिकीट ठेवायचंच असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन कार्यक्रमापुरत्या तात्पुरत्या परवान्याची चौकशी करा. पैसे भरून सोडत काढण्याचा खेळही टाळा, तो लॉटरीच्या कायद्यात अडकतो.

मी सांगते ती पद्धत साधी आहे. वाइन आणि चीज तुमच्याकडून, पाहुणचार म्हणून. देणगी पाहुण्याने थेट संस्थेच्या खात्यात भरायची, हवी तेवढी, आणि नाही दिली तरी ताटात चीज तेवढंच. तुमच्या हातात एक रुपयाही येता कामा नये. टेबलावर संस्थेचा क्यूआर कोड ठेवा आणि संस्थेचं एक माणूस बोलवा, त्याला दहा मिनिटं बोलू द्या. पहिल्या दोन वाइननंतर, पाचव्या नंतर नव्हे. पैसे थेट गेले की पावतीही देणगीदाराच्याच नावाने निघते. ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ती मुळात नाहीच. हे आधी सांगून टाका, नंतर रुसवे नकोत.

खर्चाचंही स्पष्ट बोलते. खर्च वजा करून उरलेलं संस्थेला, असं गणित मांडलंत तर बहुतेक वेळा हाती चिल्लर राहते. खर्च आपला धरायचा. तो जड वाटत असेल तर दोन-तीन घरांनी वाटून घ्या. लिलाव हवाच असेल तर बाटलीऐवजी तुमच्या हातच्या पुरणपोळ्यांचा करा, बोली जास्त लागेल.

आणि वाइनसाठी महाराष्ट्रात वयाची अट २१ पूर्ण ही आहे. ‘आता कॉलेजात आहे, एक घोट चालतो’ असं म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो. त्याला आवरा.

सासूबाई म्हणतात, दारूच्या बैठकीतून दानधर्म कसला? त्यांना काय सांगू? — सांगली

फ्रान्समधल्या बोन गावची गोष्ट सांगून बघा. तिथे बर्गंडी प्रांताच्या ड्यूकचा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी, निकोला रोलॅं याने १४४३ मध्ये गरीब रुग्णांसाठी रुग्णालय स्थापन केलं. पुढे लोकांनी रुग्णालयाला द्राक्षमळे दान दिले, आणि त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून नोव्हेंबरमध्ये भरतो. पैसा रुग्णसेवेला जातो.

पण खरं सांगू? या गोष्टीने सासूबाईंचं मन वळणार नाही, आणि वळावं असा माझा आग्रहही नाही. त्यांच्या शंकेत तथ्य आहे. ज्या संस्थेसाठी करताय तिला आधी स्पष्ट विचारा; काही संस्था अशा कार्यक्रमाशी नाव जोडू देत नाहीत आणि त्यांचं बरोबर असतं. व्यसनमुक्ती किंवा दारूने मोडलेल्या घरांच्या मदतीसाठी हा कार्यक्रम कधीच करू नका. सासूबाईंना मात्र देणग्यांची वही सांभाळायला द्या. माझ्या आत्याबाई ग्लासाला शिवल्या नाहीत, पण कोणी किती दिले हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवत. त्या वर्षीइतकी रक्कम नंतर कधी जमली नाही.

निम्मे पाहुणे कडक शाकाहारी आहेत. चीज शाकाहारी असतं का? — मुलुंड, मुंबई

दूध विरजवायला रेनेट लागतं आणि जुन्या पद्धतीत ते वासराच्या पोटातून येतं. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोत आजही नियमानेच वासराचं रेनेट असतं, ते ताटातून वगळा; ग्राना पादानोही. भारतात बनणारं चीज बहुधा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा, सुट्टं घेतलंत तर विचारा. वाइन नितळ करायलाही कधी अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात, तेव्हा उत्पादकाला ईमेल करून ठेवा. अशा पाहुण्यांसाठी वेगळं ताट मांडून त्यांना कोपऱ्यात बसवू नका. सगळंच शाकाहारी आणा, कोणाचं काही अडत नाही.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यायची ना? — नागपूर

ती खोली युरोपातली, तीही जुन्या थंड वाड्यातली. लाल १६ ते १८ अंशांना हवी. फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून काढा. फसफसणारी घाईत गार करायची तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. चीज वाढण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर काढलं की पुरे, मे महिन्यात दहा. पण मे महिन्यात हा घाट घालूच नका.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. मग हे सगळं वाचून उसासाच टाकायचा का? — वर्धा

उसासा कशाला? चहा आणि चीज ही जोडी मला कित्येकदा वाइनपेक्षा बरी वाटते. वाइन थंड असते आणि जिभेवरचं लोणी तसंच राहतं, गरम चहाने ते वितळतं आणि चव मोकळी होते. दूध-साखर नाही. मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या तोडणीचा दार्जिलिंग शेळीच्या चीजबरोबर, दुसऱ्या तोडणीचा ब्रीबरोबर, आणि कडक आसाम चेडारबरोबर. १५० मिली पाण्याला अडीच ग्रॅम पत्ती, तीन मिनिटं, मग लगेच गाळायचा. उकळलात तर टपरीचा चहा होईल. प्रत्येकाला अर्धा कप पुरे. परवान्याची भानगड नाही, तिकीट खुशाल लावा, मुलंही येऊ देत. बारा जणांऐवजी चाळीस बोलावता येतील, फक्त कप शेजाऱ्यांकडून आधीच मागून ठेवा.