दुबईत भावाकडे फोर्डची एफ-१५० पिकअप आहे, ५.० लिटर व्ही८ इंजिनाची. तिला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंप) बसवायचाय, कुठला घ्यावा?

आधी टाइप ठरवा, ब्रँड नंतर. ट्रेलर ओढायचा, वाळूत चढायचं असेल तर ट्विन-स्क्रू किंवा रूट्सवाला, म्हणजे व्हिपल नाहीतर राउश या ब्रँडचा, कारण ते इंजिनाच्या वरच बसतात आणि कमी आरपीएमलाच बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, देतात, प्रोचार्जरसारखा सेंट्रिफ्युगल आरपीएम वाढेल तसा जोर धरतो, हायवेवर मजा पण वाळूत खालचा दम कमी.

खरी गोची उष्णतेची. २०१८ पासूनच्या ५.० चं कॉम्प्रेशनच (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबायचं प्रमाण) १२:१, त्यात बूस्ट आणि दुबईचा उन्हाळा, म्हणजे नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटण्याला, आमंत्रणच, तेव्हा बूस्टची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पुढचा रेडिएटर केवढा आहे ते बघा आणि ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग) कुठल्या पेट्रोलवर केलाय ते विचारून घ्या. अमेरिकन पंपावरचं ९३ ऑक्टेन म्हणजे दुबईचं साधारण ९८, मग ट्यून ९३ चा असेल तर सुपर ९८ च भरायचं, स्वस्तातलं ९५ नकोच.

आणि भावाचं बघून इथे म्हापशात टोयोटा हायलक्सवर हा प्रयोग नको हां, ती डिझेल, टर्बो तिला आहेच, वर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेरच्या बदलांना नाही म्हटलंय, आरटीओ अडवणारच.